‘अस्सल कोरियन’ बाटली घेऊ का?

कोरियन नैसर्गिक शेतीवर, म्हणजे परिसरातले सूक्ष्मजीव आणि घरी आंबवलेले अर्क वापरायच्या पद्धतीवर, तेच ते प्रश्न पुन्हा आलेत. एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : ईएम द्रावण म्हणजे हीच पद्धत ना?
नाही. ईएम म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजीवांचं तयार मिश्रण, ते जपानच्या तेरुओ हिगा यांचं. ही पद्धत दक्षिण कोरियाच्या चो हान-क्यू यांची.

प्रश्न : वनस्पतींचा आंबवलेला अर्क दाट फवारला तर गुण लवकर येईल?
पानं करपतील. एका भागाला ५०० ते १००० भाग पाणी, तेही आधी चार झाडांवर.

प्रश्न : ऑनलाइन ‘अस्सल कोरियन आयएमओ’ची बाटली मिळते. घेऊ का?
घेऊ नका. आयएमओ म्हणजे तुमच्याच परिसरातले सूक्ष्मजीव. ते कुरिअरने कसे येतील? कोरियातला शेतकरी लाकडी खोक्यात फडफडीत भात भरतो, वर हवेला जागा ठेवतो, कागद बांधतो आणि बांबूच्या बनात पाचोळ्याखाली ठेवतो. चार-पाच दिवसांत भातावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. काळी चढली तर भात फेकायचा. चांगल्या भातात त्याच्याच वजनाइतकी ब्राऊन शुगर कालवतात, मग पाण्यात मिसळून ओलसर कोंड्यात वाढवतात. ढीग तापतो; तो फार तापू नये म्हणून उलथत राहावं लागतं. शेवटी मिसळायची ती माती, त्यात स्वतःच्या शेतातलीही. आता सांगा, यातलं बाटलीत काय उरलं? लेबलवर कोरियाचा झेंडा छापला की भाव वाढतो, एवढंच. ‘पाहुण्यांच्या शेतात फरक पडला’ हा पुरावा नव्हे. त्या पाहुण्यांनी शेणखत किती टाकलं होतं, तेही विचारा. भाताला लागणारा खर्च किरकोळ आहे, फक्त आळस सोडावा लागतो. पहिल्या खेपेला मात्र कृषी विज्ञान केंद्रातल्या कुणाला तरी बुरशी दाखवून घ्या.

प्रश्न : यंदाच रासायनिक खत पूर्ण बंद करू?
माती परीक्षण केलंय? आधी ते करा, मग अहवाल घेऊन तज्ज्ञाकडे जा. पेरणी तोंडावर आल्यावर विचारून उपयोग नाही. सुरुवात एका तुकड्यावरच करा.

प्रश्न : एवढी साखर परवडत नाही. पर्याय?
आहे. चो यांचे चिरंजीव चो यंग-सांग यांनी १९९१ मध्ये ‘जादम’ ही वेगळी पद्धत सुरू केली, त्यात साखर नाही. झाडाखालची पानकुज माती, उकडलेला बटाटा आणि थोडं समुद्री मीठ पाण्यात आंबवतात. पण आपल्याकडच्या क्षारपड जमिनीत हे मीठ जपून. ईसी, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, किती आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि आकडा लिहून पाठवा. नुसतं ‘जमीन जरा खारट आहे’ यावर मी सल्ला देत नाही.