दुधातून गोळी देऊ नका

भाऊ,

शिरपूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. सुरतेला लूमवर असताना एकदा बाहेर संबंध आला, चार दिवसांत लघवीला जळजळ होऊन पू यायला लागला, मेडिकलवरून गोळ्या घेतल्यावर थांबला. आखाजीला घरी आलात. आता बायकोला पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि तुमच्या आई 'पाळणा कधी हलणार' म्हणत तिलाच टोचतात. रात्री ती रडून विचारते, 'मनं काय चुकनं?' आणि तुम्ही मला विचारता, तिला न सांगता दुधातून गोळी देऊ का?

नको, भाऊ. ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात, त्यात पू थांबला म्हणजे जंतू गेले असं नसतं. बाईला तर कित्येकदा काही जाणवतही नाही. जंतू वर चढून गर्भनळ्यांपर्यंत जातात, नळ्या चिकटल्या की दिवस राहणं अवघड होतं. ज्या गोष्टीवरून ती बोलणी खाते, तिचं मूळ कदाचित तुमच्या दुखण्यात असेल. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

शिवाय तिचं औषध एका गोळीत भागणारं नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं औषधं फुकट, रंगीत पाकिटांत मिळतात. पू-जळजळीला राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, आणि ते 14 दिवस घ्यावं लागतं. दिवस गेले असतील तर औषध बदलतं. म्हणून आधी तिची तपासणी हवी. दोघं धुळ्याला जा, याच आठवड्यात. तिला ताप भरला तर त्याच दिवशी. दोघांची गरमीची (सिफिलिसची) आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या, एचआयव्हीची तीन महिन्यांनी पुन्हा. एचआयव्हीचा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय सहसा कुणाला सांगता येत नाही, 2017 चा कायदाच आहे. दोघांचंही औषध पुरं होईपर्यंत संबंध नको.

सांगायचं आजच. आई झोपल्या की दोघं घराच्या धाब्यावर, गच्चीवर जा आणि सरळ सांगा, 'चूक माझी झाली, आजार माझ्याकडून आला.' सुरतेच्या पाण्यावर ढकलू नका. ती चिडेल, बोलेल, माहेरी जाते म्हणेल. जाऊ द्या, अडवू नका. फक्त दवाखाना आधी होऊ द्या आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या पिशवीत असू द्या. आईंना एवढंच सांगा, 'तपासणी माझीही चालू आहे, तिला काही बोलू नका.'

जायच्या आधी काही विचारायचं असेल तर 1097 हा नंबर फुकट लागतो.

तुमची ताई