आवडत्या व्यक्तीला मनातले सांगताना नकाराची भीती वाटते. ती कशी घालवावी?

आपण लिहिले आहे की, कार्यालयातील एक सहकारी दोन वर्षांपासून आवडते, ‘सूचक’ प्रयत्न पुष्कळ करून झाले, परंतु नकाराच्या भीतीने स्पष्ट विचारणे होत नाही. ही भीती पूर्णपणे जाते असे मला वाटत नाही. मी उत्तर लिहायला बसले ते तुमच्या ‘सूचक’ या शब्दामुळे.

१९९३ च्या पावसाळ्यात पुण्यात आमच्या महाविद्यालयाची पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकेची तालीम चालू होती. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग होते आणि प्रकाशयोजना सांभाळणारा एक मुलगा तालीम संपल्यावर मला डेक्कनच्या थांब्यापर्यंत सोडायला येत असे. तो मला आवडत होता आणि हे त्याला कळावे म्हणून समोर आलेली बस मी ‘फार गर्दी आहे’ असे म्हणून सोडून देत असे. एकदा तर निम्मी रिकामी बसही मी याच कारणाने सोडली. याहून उघड एखाद्या मुलीने काय बोलायचे, असे मला वाटत होते. पुढच्याच आठवड्यात त्याने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तीत रात्री आठनंतरच्या बसगाड्यांच्या वेळा सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या होत्या आणि कमी गर्दीच्या गाड्यांपुढे फुल्या होत्या. थांब्यावर ताटकळण्याचा याला कंटाळा आला आहे, असा अर्थ मी काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून एका मैत्रिणीबरोबर रिक्षाने जाऊ लागले.

२०१६ साली आम्ही जुने नाटकवाले एकत्र जमलो, तेव्हा तो हसत म्हणाला की, त्या वेळा मिळवण्यासाठी तो भर पावसात सायकलवरून स्वारगेटला गेला होता आणि ती चिठ्ठी देणे हेच त्याच्या परीने विचारणे होते. मी रिक्षाने जाऊ लागले, हा त्याला मिळालेला नकार होता.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने मला सांगितले की, व्होराउर आणि रॅटनर या संशोधकांनी १९९६ साली नेमके हेच दाखवले होते: आपण गप्प राहिलो तर त्याचे कारण आपण नकाराची भीती हे देतो, आणि समोरचा गप्प राहिला तर त्याला रस नाही असे समजतो. व्होराउर यांच्याच २००३ च्या अभ्यासानुसार, नकाराला भिणाऱ्यांना आपले इशारे प्रत्यक्षाहून कितीतरी ठळक वाटतात. माझी रिकामी बस ती हीच.

माझ्या ताईला हे मान्य नाही. मुलीने आपण होऊन बोलू नये, किंमत राहत नाही, हे तिचे तेव्हाचे म्हणणे आजही कायम आहे. पुढच्या दोन वर्षांत कांदेपोह्यांच्या पाच कार्यक्रमांतून मध्यस्थामार्फत ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप आला (त्यांतील दोघांनी पत्रिका मागितलीही नव्हती), तेव्हा माझी कोणती किंमत राहिली होती, हे तिने मला अद्याप सांगितलेले नाही. त्या पाच नकारांनी माझी एका रात्रीचीही झोप मोडली नाही, कारण ते सगळे पत्रिकेच्या खात्यावर जमा होत होते. बस सोडून देतानाही मी असेच एक खाते शोधत होते, म्हणजे नकार आलाच तर तो गर्दीला आला असता.

तेव्हा खडे टाकणे बंद करावे. ‘तुम्ही मला आवडता, आपण कार्यालयाबाहेर भेटायचे का?’ इतके सरळ विचारावे, की समोरच्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणणेही सोपे जावे.

एक सांगायचे राहिले. ती तुमच्या हाताखाली काम करत असेल, तर वरील सल्ला तुमच्यासाठी नाही, कारण तिला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येणार नाही. आणि विचारायचे ते एकदाच. स्पष्ट नकारानंतरही मागे लागणे हा २०१३ च्या दुरुस्तीपासून कायद्याने गुन्हा आहे. शिवाय माझ्या संसाराबद्दल माझी काही तक्रार नाही. हे उत्तर यजमानांनी वाचलेले आहे. तुमच्या जागी एखादी मुलगी असती तरी मी तिला शब्दशः हेच लिहिले असते, आणि ताईने त्यावर आठवडाभर अबोला धरला असता.