एमआरआयमध्ये भलतंच काही निघालं तर

“चक्कर कानामुळे होती, ती थांबली. पण मॅडम, डोक्यात जे निघालंय त्याचं काय?”

असा प्रश्न घेऊन अधूनमधून कुणी ना कुणी येतंच. त्यातल्याच एका चाळिशीच्या गृहस्थांची ही हकीकत, ओळखीचे तपशील बदलून.

रिपोर्टात लिहिलं होतं ‘अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, 2.4 सेंटिमीटर’. मेंदूच्या आवरणात पाण्यासारख्या द्रवाची पिशवी, बहुधा जन्मापासूनची. न्यूरोसर्जननी दोन मिनिटांत सांगितलं, काही करायची गरज नाही. दोनच मिनिटं दिली म्हणून यांना शंका, नक्की काहीतरी लपवताहेत! रिपोर्टच्या मागे त्यांनी पट्टीने मोजून तेवढंच वर्तुळ काढलं होतं. लेकीला उचलणं बंद, शिंक आली तरी दाबायची. रोज सकाळी आरशासमोर एका पायावर उभं राहून तोल तपासायचा. असं उभं राहिलं की कुणीही थोडं डगमगतंच. पण ते डगमगले की त्यांचा अख्खा दिवस वाया.

आकडे सांगून धीर येतो, हा आम्हा मंडळींचा लाडका समज. रॉटरडॅममध्ये पंचेचाळिशीपुढच्या 2,000 सर्वसामान्य लोकांचे एमआरआय झाले. 2007 साली निष्कर्ष आले: 7.2 टक्के लोकांत लक्षणांशिवाय होऊन गेलेले इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेंदूचा एखादा भाग निकामी झाल्याच्या खुणा), 1.8 टक्क्यांत अ‍ॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, “म्हणजे मला तेही असेल?”

मग आकडे बाजूला ठेवले. स्कॅन वाचणं माझं काम नाही आणि स्कॅनमध्ये निघालेल्या सगळ्या गोष्टी सारख्या नसतात. अ‍ॅन्युरिझम निघाला तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं, रक्तदाब आणि सिगारेटकडेही बघायला हवं. म्हणून त्यांना प्रश्न लिहून पुन्हा न्यूरोसर्जनकडे पाठवलं, सोबत पत्नी. वजन उचलू का? गाडी चालवू का? पुन्हा स्कॅन कधी? काय झालं तर लगेच यायचं? उत्तरं पत्नीने लिहून घेतली: उचला, चालवा, पुन्हा स्कॅन नको, डोकेदुखी वाढत गेली, फिट आली किंवा नजर बदलली तर मात्र थांबायचं नाही.

आरशासमोरची परीक्षा बंद करायला जास्त वेळ लागला. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. लेकीला त्यांनी त्याआधीच उचललं होतं.

अजूनही मधूनच विचारतात, “खात्रीसाठी एकदा स्कॅन करून टाकू?” मी विचारते, नवं लक्षण आहे का? नसलं तर त्या खात्रीने किती दिवस झोप लागेल, याचा अंदाज त्यांनाच करायला सांगते. गेल्या वेळी म्हणाले, “फार तर आठवडा.”