वाचकांचे प्रश्न : बाण दाबला की पान का पळतं?

प्रश्न : ब्राउझरमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर केला आहे. त्यात मराठवाड्यातल्या 76 तालुक्यांची नावं सुचवणारी यादी उघडते. 'प' टाइप केला की परंडा, परतूरपासून पैठणपर्यंत 9 नावं येतात. खालचा बाण दाबला की यादीसोबत अख्खं पान सरकतं, आणि पूर्णा, पैठण निवडलं तरी दिसतच नाही.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. पान सरकतं ते बहुधा 'स्क्रोलइनटूव्ह्यू' (घटक सरकवून नजरेत आणणारी ब्राउझरची सूचना) नुसतंच वापरल्यामुळे. काहीच सांगितलं नाही तर ते निवडलेलं नाव वरच्या कडेला आणू पाहतं आणि त्यासाठी यादी, तिच्या बाहेरचा डबा, पान, सगळंच हलवतं. त्याच्या 'ब्लॉक' या पर्यायाला 'निअरेस्ट' (गरजेपुरतंच सरकव) दिलं की त्रास बराच कमी होतो, पण यादी पानाच्या तळाशी अर्धी झाकलेली असेल तर पान तरीही हलेल. त्यापेक्षा यादीचा 'स्क्रोलटॉप', म्हणजे यादी किती सरकली आहे तो आकडा, स्वतःच बदला. नाव वर लपलं असेल तर स्क्रोलटॉप = नावाचा 'ऑफसेटटॉप' (यादीच्या माथ्यापासूनचं अंतर). खाली लपलं असेल तर ऑफसेटटॉप + नावाची उंची − यादीचा 'क्लायंटहाइट' (यादीच्या दिसणाऱ्या भागाची उंची). दिसत असेल तर हात लावू नका. यादीला सीएसएसमध्ये 'पोझिशन : रिलेटिव्ह' किंवा 'अ‍ॅब्सोल्यूट' हवंच, नाहीतर ऑफसेटटॉप भलतीकडूनच मोजला जातो.

बाणाची कळ यादी उघडी असतानाच 'प्रिव्हेंटडिफॉल्ट'ने (कळेचं नेहमीचं काम थांबवणारी सूचना) अडवा. नाही अडवली तर एडिटरमधला कर्सरही खाली जातो आणि त्याच्यामागे मजकूर. यादी बंद असताना मात्र अडवू नका, लोक वैतागतील. 'इझकंपोझिंग' (अक्षर अजून जुळवलं जात आहे ही खूण) खरं असेल तेव्हाही कळ सोडून द्या. त्या वेळी बाण मराठी टायपिंगच्या साधनाचा असतो.

आता पैठण न दिसण्याचा दोष. ओळीची उंची कोडमध्ये 24 पिक्सेल धरून क्रमांकाने गुणत असाल, तर चूक तिथेच आहे. देवनागरी फॉन्टला वरच्या-खालच्या मात्रांसाठी जास्त जागा लागते. ओळ प्रत्यक्षात 29 पिक्सेलची झाली, तर नवव्या नावापर्यंत 8 × 5 = 40 पिक्सेलचा फरक पडतो, म्हणजे एका ओळीहून जास्त. उंची गृहीत धरू नका, प्रत्येक नावाची मोजा.

पुढे एक तक्रार हमखास येईल : यादी सरकली की निवड उडी मारते. माउस जागचा हलत नाही, पण त्याच्याखाली नवं नाव येतं आणि 'माउसएंटर' (माउस घटकावर आल्याची घटना) चालतं. निवड 'माउसमूव्ह'वर (माउस हलल्याची घटना) करा, आणि तीही माउसचे निर्देशांक, म्हणजे पडद्यावरची जागा, आधीपेक्षा बदलले असतील तरच.

प्रश्न : विम या टेक्स्ट एडिटरमध्ये शब्द सुचवून घ्यायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ओ दाबलं की वर एक खिडकी उघडते आणि कोड खाली ढकलला जातो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ती प्रिव्ह्यूची, म्हणजे सुचवलेल्या शब्दाची जास्तीची माहिती दाखवणारी खिडकी. 'कंप्लीटऑप्ट' या सेटिंगमधून 'प्रिव्ह्यू' काढा, 'मेन्यू' आणि 'मेन्यूवन' (एकच शब्द असला तरी यादी दाखव) ठेवा. आत्ता उघडी असलेली खिडकी 'पीक्लोज' या आज्ञेने बंद होते. यादी फारच लांब येत असेल तर 'पमहाइट' (यादीत जास्तीत जास्त किती ओळी) 10 करा. मुळात ते 0 असतं, म्हणजे मिळेल तेवढी जागा.