स्टेटस तर २०० आलं, मग युरो कुठे आहेत?

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा, आता लंडनमध्ये फुलं आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे, म्हणजे मी एकटाच. नेदरलँड्सच्या सप्लायरला युरोत पैसे द्यावे लागतात म्हणून एका पेमेंट कंपनीच्या एपीआयमधून (आपल्या कोडने त्यांच्या सर्व्हरशी थेट बोलायची सोय) आम्ही पाउंड विकून युरो घेतो. यंदा बुधवारी २९ एप्रिल २०२६ ला ट्रेड, म्हणजे अदलाबदलीचा सौदा, बुक केला, स्टेटस विचारलं की दरवेळी २०० येतं म्हणजे सगळं ओके, पण सोमवार आला तरी युरोचा पत्ता नाही आणि सप्लायरचे फोनवर फोन. सारखं स्टेटस विचारणारा कोड लावलाय तर आता मध्येमध्ये ४२९ यायला लागलंय. पैसे अडकलेत का? ट्रेड परत टाकू का?

उत्तर : परत टाकू नका, काही झालं तरी नाही! पहिला ट्रेड जिवंत असला तर तुम्ही दुप्पट युरो घ्यायला बांधले जाल आणि नको असलेला ट्रेड मोडायचा तर त्या क्षणीच्या भावाने मोडावा लागतो, भाव फिरला असेल तर तोटा तुमच्याच कंपनीच्या माथी.

आता ते २०० काय म्हणतंय ते बघा. ते फक्त एवढंच सांगतं की तुमची रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली आणि उत्तर मिळालं. ट्रेडचं काय झालं ते उत्तराच्या आत वेगळ्या फील्डमध्ये असतं, तिथे बघा. उदाहरणार्थ करन्सीक्लाउड या पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये 'अवेटिंग फंड्स' म्हणजे भाव पक्का झालाय पण तुमचे पाउंड अजून पोचायचेत, 'फंड्स अराइव्ह्ड' म्हणजे पाउंड पोचले, आणि 'ट्रेड सेटल्ड' म्हणजे बदललेले पैसे वापरायला मोकळे. म्हणून आधी अकाउंट्सवाल्यांना विचारा की पाउंड पाठवले का, कारण बऱ्याचदा घोडं तिथेच अडलेलं असतं आणि डेव्हलपर बिचारा कोड तपासत बसतो.

पाउंड गेले असतील तर मग स्टेटसच्या शेजारची सेटलमेंट डेट, म्हणजे दोन्ही बाजूंचे पैसे प्रत्यक्ष पोचायची तारीख, बघा, मला वाटतं तुमचं उत्तर तिथेच आहे. पाउंड-युरोचा साधा स्पॉट ट्रेड (चालू भावाने लगेचचा सौदा) दोन कामकाजाच्या दिवसांनी सेटल होतो. २९ एप्रिल बुधवार, त्यातला पहिला दिवस गुरुवार, दुसरा यायचा तो शुक्रवारी १ मे ला, पण आपल्याकडे ज्या दिवशी महाराष्ट्र दिन असतो त्याच दिवशी कामगार दिन म्हणून युरोची टार्गेट ही पेमेंट सिस्टीम बंद असते. लंडनमधल्या बँका मात्र त्या दिवशी चालू होत्या म्हणून तुम्हाला ते जाणवलंच नाही. पुढे शनिवार-रविवार, आणि सोमवारी ४ मे ला उलटं, युरोप चालू पण ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे. दोन्ही चलनांचे बाजार चालू असलेला दिवस निघतो मंगळवार ५ मे. म्हणजे पैसे अडकलेले नाहीत, तारीखच आलेली नाही, आणि सप्लायरला आजच हे सांगून टाका म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडेल.

दोन्ही बाजूंचे पैसे नीट जुळून जाणं किती महत्त्वाचं असतं ते २६ जून १९७४ ला जर्मनीतल्या हेरश्टाट बँकेच्या वेळी सगळ्यांना कळलं, समोरच्या बँका जर्मन मार्क हे चलन देऊन बसल्या होत्या आणि डॉलर मिळायच्या आत ती बँक बंद केली गेली. त्यामुळे 'ट्रेड झाला' आणि 'सेटल झाला' यातला फरक कृपया हलक्यात घेऊ नका.

अजून एक, ट्रेड सेटल झाला म्हणजे सप्लायरला पैसे गेले असं नाही. ते पेमेंट वेगळं, त्याचा आयडी वेगळा, ते स्टेटस वेगळं विचारायचं. आणि ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय. दोन दिवस चालणाऱ्या गोष्टीला सेकंदासेकंदाला विचारून काय मिळणार, तो कोड आधी थांबवा.

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीला काम करते. ट्रेड बुक करताना टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, आणि आयडीच मिळाला नाही तर स्टेटस शोधायचं कसं? आणि वेबहुक (काही बदललं की त्यांच्या सर्व्हरने आपणहून पाठवलेला निरोप) आला की थेट डेटाबेसमध्ये 'सेटल्ड' लिहिलं तर चालेल का?

उत्तर : बुक करतानाच तुमच्या बाजूने एक युनिक रिक्वेस्ट आयडी पाठवायचा आणि रिक्वेस्ट जायच्या आधी तो डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचा. ज्या एपीआयमध्ये ही सोय आहे तिथे तोच आयडी परत पाठवला तर नवीन ट्रेड होत नाही. सोय नसेल तर ट्रेडची यादी मागवून चलन, रक्कम आणि वेळ जुळवून बघा, फक्त वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे आपल्याकडे पहाटे केलेला ट्रेड आदल्या दिवशीच्या तारखेत सापडतो.

वेबहुकवर थेट विसंबू नका. तो दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो, त्याच्यासोबतची डिजिटल सही तपासली नाही तर कुणीही खोटा पाठवू शकतो. सही तपासा, मग त्या आयडीचं स्टेटस स्वतः एकदा विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहा. शिवाय ज्यांची सेटलमेंट डेट उलटून गेलीय आणि तरी सेटल नाहीत अशा ट्रेडची यादी रोज सकाळी अकाउंट्सला जाऊ दे.