गाडीचा फूटस्टेप काढू का?

प्रश्न: आमच्या जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी केलीय, साताऱ्यातनं कासला, ठोसेघरला जातो. कच्च्या रस्त्यावर साइडचा फूटस्टेप दगडाला घासतो, काढून टाकू का? पण आईचे गुडघे दुखतात.

उत्तर: अहो, आधी गाडीखाली वाकून बघा, नुसता फूटस्टेपच घासतोय का डिफरन्शियलपण (मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा), कारण तेच खाली असेल तर स्टेप काढून काय उपयोग नाही. मला विचाराल तर काढा, पावसाळ्यात स्टेपमागं चिखल साचून पत्रा आतनं गंजतो आणि बाहेरनं कळतपण नाही, फक्त बोल्टची भोकं उघडी ठेवू नका, गंज घासून प्रायमर मारा न रबरी बूच बसवा. आईंसाठी दाराशी घडीची पायरी लावून घ्या, प्लॅस्टिकचा स्टूल नको, ओल्या गवतात सरकतो.