परिक्रमेला निघताय? आधी पाठ हलकी करा

पहिल्यांदाच नर्मदा परिक्रमेला निघताय ना, मग पाठीवरचं ओझं निम्मं करा. ओंकारेश्वरहून मी आठवड्याचा शिधा बांधून निघालो होतो, शुद्ध वेडेपणा! वाटेवरच्या झोपडीतून ‘नर्मदे हर, चाय पी लो बाबाजी’ अशी हाक येतेच. थांबा. आश्रमात ‘कितनी मूर्ती?’ असं विचारतील, म्हणजे माणसं किती. सदावर्तात, म्हणजे परिक्रमावासींना कोरडा शिधा फुकट देतात तिथे, पीठ, डाळ, तांदूळ मिळाले तर त्या वेळेपुरतेच घ्या. चूल तुम्हालाच पेटवायचीय. चहाचे पैसे पुढे केलेत तर माणूस दुखावतो. त्यापेक्षा भांडी घासा, अंगण झाडा. आणि शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेवरच्या आदिवासी डोंगर-जंगलात, कुणाच्या टोपलीत दोनच भाकरी दिसल्या, तर अर्धीच मागून घ्या. नको मात्र म्हणू नका.